कन्सोलवरच्या ‘बघा’ आणि ‘बदला’ यात जो फरक आहे, त्यासाठी होमी भाभांनी आयुष्य खर्च केलं

पडघा म्हटलं की मुंबई-नाशिक हायवेने जाणाऱ्याला आधी टोलनाका आठवतो आणि मग गोदामं. भिवंडी तालुक्यातल्या या गावाच्या आजूबाजूला इतकी गोदामं उभी राहिलीत की तुम्ही मोबाईलवर मागवलेली वस्तू घरी येण्याआधी या पट्ट्यात एक मुक्काम करून आलेली असू शकते.

अशाच एका गोदामाची कल्पना करा. कुठल्या रॅकवर किती माल आहे, कुठला ट्रक कधी सुटला, हा सगळा हिशोब एका सॉफ्टवेअरमध्ये आहे. दिवाळी तोंडावर आली, ऑर्डरी वाढल्या आणि सॉफ्टवेअर रखडायला लागलं. बारकोड स्कॅन केला की उत्तर यायला अर्धा मिनिट. बाहेर ट्रकची रांग.

आयटीचं काम बघणारा पोरगा अशा वेळी काय करतो? तो कुठलीही मशीन उघडत नाही. लॅपटॉपवर एक पान उघडतो, पासवर्ड टाकतो. समोर आकडे येतात. सर्व्हरला दिलेली मेमरी ८ जीबी आणि त्यातली जवळपास सगळी भरलेली. तो ८ च्या जागी १६ टाकतो, सर्व्हर एकदा बंद करून परत चालू करतो आणि बाहेरची रांग हलायला लागते.

या पानाला म्हणतात मॅनेजमेंट कन्सोल. गंमत म्हणजे ज्या सर्व्हरची मेमरी त्याने वाढवली, तो सर्व्हर वेगळी मशीन म्हणून कुठे अस्तित्वातच नसतो.

ते कसं, तर पडघ्याच्याच भाषेत समजून घेऊ.

एक मोठं शेड आहे. मालकाने मध्ये पार्टिशन टाकून त्याचे दहा गाळे केले आणि दहा जणांना भाड्याने दिले. प्रत्येकाचं शटर वेगळं, कुलूप वेगळं. आत बसलेल्या भाडेकरूला वाटतं की हे आपलं स्वतंत्र गोदाम आहे. प्रत्यक्षात छप्पर एक, जमीन एक, बाहेरून येणारी विजेची केबल एक. एकाला जागा कमी पडली आणि शेजारी रिकामी असली, की पार्टिशन सरकवायचं.

सर्व्हरचंही तसंच. एका दणकट मशीनवर हायपरवायझर नावाचं सॉफ्टवेअर बसवतात. ते त्या मशीनच्या प्रोसेसर, मेमरी आणि डिस्कचे गाळे पाडतं. एकेक गाळा म्हणजे एकेक व्हर्च्युअल मशीन. आणि कन्सोल म्हणजे शेडच्या मालकाचं ऑफिस, जिथे बसून पार्टिशन कुठे आहेत ते दिसतं आणि सरकवताही येतं.

पण या ऑफिसात शिरणाऱ्या प्रत्येकाकडे सारखी चावी नसते. काही जणांना फक्त बघायची परवानगी असते. आकडे दिसतात, आलेख दिसतात, पण बटण दाबायला गेलं की ते दबत नाही. थोड्याच लोकांना बदलायची परवानगी असते. त्यांना म्हणतात ॲडमिन.

आता ही सर्व्हरची गोष्ट बाजूला ठेवा आणि देशाचा विचार करा. स्वातंत्र्यानंतर जगात नवीन यंत्रं येत होती, अणुभट्ट्या येत होत्या, कॉम्प्युटर येत होते. भारत ती विकत घेऊन बघत बसणार होता, की त्यांच्या आत हात घालणार होता? चावी कुठली मिळणार होती?

हा प्रश्न ज्या माणसाने अंगावर घेतला त्याचं नाव होमी जहांगीर भाभा. अणुशास्त्रज्ञ म्हणून ते सगळ्यांना माहीत आहेत. भारतातल्या कॉम्प्युटरच्या गोष्टीतही त्यांचा वाटा मोठा आहे, तो मात्र कमी लोकांना माहीत असतो.

टाटांच्या कारखान्यासाठी शिकायला गेलेला मुलगा

भाभांचा जन्म ३० ऑक्टोबर १९०९ चा, मुंबईतल्या सुखवस्तू पारशी घरातला. वडील जहांगीर भाभा वकील होते. आत्या मेहेरबाई म्हणजे दोराबजी टाटांच्या पत्नी. त्यामुळे टाटांच्या घरात लहानपणापासून ये-जा. घरात पुस्तकं भरपूर, पाश्चात्त्य संगीताच्या रेकॉर्ड भरपूर. चित्रकलेची आवड तेव्हापासूनची, ती शेवटपर्यंत राहिली.

कॅथेड्रल शाळा आणि एल्फिन्स्टन कॉलेज झाल्यावर १९२७ मध्ये ते इंग्लंडला केंब्रिजला गेले. वडील आणि दोराबजी यांचा हिशोब सरळ होता. पोराने मेकॅनिकल इंजिनिअरिंग करावं, परत यावं आणि जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात कामाला लागावं.

पोराचं मन मात्र फिजिक्समध्ये अडकलं. केंब्रिजमध्ये त्या वेळी डिरॅक, रुदरफोर्ड यांच्यासारखी माणसं वावरत होती. भाभांनी वडिलांना स्पष्ट कळवलं की इंजिनिअर होणं आपल्या पिंडात नाही. वडिलांनी अट घातली. आधी इंजिनिअरिंगच्या परीक्षेत पहिला वर्ग आणायचा, मग पुढच्या गणिताच्या शिक्षणाचा खर्च आम्ही करू. १९३० मध्ये भाभांनी पहिला वर्ग आणला आणि वडिलांनी शब्द पाळला.

पुढच्या काही वर्षांत त्यांनी जे काम केलं त्याने त्यांचं नाव जगभर झालं. इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन एकमेकांवर आदळल्यावर काय होतं याचं त्यांनी मांडलेलं गणित आज ‘भाभा स्कॅटरिंग’ म्हणून शिकवलं जातं. १९३७ मध्ये वॉल्टर हाइटलर यांच्यासोबत त्यांनी अवकाशातून येणाऱ्या किरणांचा वर्षाव कसा होतो, ते समजावून सांगणारा सिद्धांत मांडला.

इंजिनिअरिंगची वर्षं वाया गेली असं मात्र झालं नाही. पुढे त्यांनी इमारती, अणुभट्ट्या, प्रयोगशाळा उभ्या केल्या, तेव्हा कागदावरचं गणित आणि प्रत्यक्षातलं यंत्र या दोन्ही भाषा त्यांना येत होत्या.

सुट्टीवर आले आणि इथेच राहिले

१९३९ मध्ये भाभा सुट्टीसाठी भारतात आले. तेवढ्यात दुसरं महायुद्ध सुरू झालं आणि परतीचा रस्ता बंद झाला. बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये सी. व्ही. रामन यांच्या विभागात त्यांना जागा मिळाली. दोराबजी टाटा ट्रस्टच्या मदतीने तिथे त्यांनी अवकाश किरणांवर संशोधनाचं छोटं केंद्र सुरू केलं. १९४१ मध्ये, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले.

युद्ध संपलं की परत इंग्लंडला जायचं, असा सरळ रस्ता समोर होता. पण बंगळूरच्या काळात त्यांचा विचार बदलला. मार्च १९४४ मध्ये त्यांनी दोराबजी टाटा ट्रस्टचे अध्यक्ष सोराबजी सकलातवाला यांना पत्र लिहिलं. मागणी होती मूलभूत संशोधनासाठी एका संस्थेची. त्यामागचा हिशोब असा होता की पुढच्या काही दशकांत अणुऊर्जेतून वीज तयार व्हायला लागेल, तेव्हा भारताला तज्ज्ञांसाठी परदेशात शोधाशोध करायची वेळ येऊ नये.

ही तारीख नीट बघा. हिरोशिमावर बॉम्ब पडायला अजून सव्वा वर्षाहून जास्त वेळ होता. भारत स्वतंत्र व्हायला तीन वर्षं. आणि हा माणूस यंत्राच्या आधी ते चालवणाऱ्या लोकांची सोय बघत होता.

१ जून १९४५ ला टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्च, म्हणजे टीआयएफआर, बंगळूरमध्ये सुरू झाली. त्याच वर्षी डिसेंबरात ती मुंबईत पेडर रोडच्या ‘केनिलवर्थ’मध्ये आली. १९४९ मध्ये गेटवे ऑफ इंडियाजवळच्या जुन्या यॉट क्लबच्या इमारतीत गेली. कुलाब्याच्या समुद्रकिनारी आज जी इमारत आहे, तिचं उद्घाटन पंडित नेहरूंनी जानेवारी १९६२ मध्ये केलं.

दहा केबीचा कॉम्प्युटर

आता येऊ कॉम्प्युटरकडे.

१९५५ च्या सुमारास भारतात डिजिटल कॉम्प्युटर ही जवळपास ऐकीव गोष्ट होती. कलकत्त्यात प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटने ब्रिटनहून एक मशीन मागवली. आकडेवारीचं काम भरपूर होतं, ते लवकर उरकायचं होतं. त्यामुळे विकत घेण्याचा रस्ता त्यांच्यासाठी बरोबर होता.

टीआयएफआरने दुसरा रस्ता धरला. मशीन इथेच बनवायची.

हे काम आलं रंगस्वामी नरसिंहन यांच्याकडे. ते अमेरिकेत गणितात पीएचडी करून १९५४ मध्ये टीआयएफआरमध्ये आले होते. त्यांच्या हाताखाली तरुण पोरांचा छोटा गट होता. त्यातल्या बहुतेकांनी तोवर कॉम्प्युटर बनवणं सोडा, वापरलेलाही नव्हता. १९५६ च्या अखेरीस त्यांनी छोटं नमुना यंत्र चालवून दाखवलं. त्यावर हात बसला तेव्हा मोठी मशीन हातात घेतली. ती फेब्रुवारी १९६० मध्ये कामाला लागली आणि १९६२ मध्ये तिचं ‘टीफ्रॅक’ असं नामकरण झालं.

कशी होती ही मशीन? साधारण १८ फूट लांब आणि ८ फूट उंच पोलादी कपाट. आत २,७०० व्हॅक्यूम ट्यूब, १,७०० जर्मेनियम डायोड आणि १२,५०० रेझिस्टर. मेमरी होती ४० बिटांच्या २,०४८ शब्दांची. आजच्या हिशोबात ती भरते बरोबर १० केबी. तुमच्या व्हॉट्सॲपवर सकाळी येणारा गुड मॉर्निंगचा फोटोही बहुधा त्यात मावणार नाही.

आणि या मशीनला कन्सोल होता. खराखुरा, हाताने चालवायचा. त्यावरून मशीनला सूचना द्यायच्या. जोडीला टीव्हीच्या नळीसारखा एक पडदा होता, ज्यावर आलेख, अक्षरं आणि आकडे उमटायचे. म्हणजे बघण्यासाठी पडदा आणि बदलण्यासाठी हाताखालचा कन्सोल. गोदामातला पोरगा आज ब्राउझरमध्ये जे दोन प्रकारचं काम करतो, तेच. फरक इतकाच की इथे सेटिंग चुकलं तर कपाटाचं दार उघडून नेमकी कुठली ट्यूब गेली ते शोधता यायचं, कारण ती ट्यूब त्याच लोकांनी बसवलेली होती.

पण याच गोष्टीला दुसरी बाजूही आहे.

टीफ्रॅक कामाला लागली तोवर जग पुढे गेलं होतं. व्हॅक्यूम ट्यूबचा जमाना संपत आला होता, ट्रान्झिस्टरच्या मशीन बाजारात आल्या होत्या. म्हणजे इतकी वर्षं राबून जी मशीन उभी केली, ती सुरू झाली त्याच दिवशी जुनी झालेली होती. तिच्यावर काम करणंही सोपं नव्हतं. शून्य आणि एकच्या लांबलचक माळा लिहून तिला काम सांगावं लागायचं.

मग हा खटाटोप फुकट गेला का?

एकच मशीन, गरजू अनेक

याचं उत्तर भाभांनी पुढे काय केलं त्यात आहे. टीफ्रॅक आपली आहे म्हणून ते तिलाच चिकटून बसले नाहीत. १९६४ मध्ये टीआयएफआरमध्ये अमेरिकेच्या कंट्रोल डेटा कॉर्पोरेशनची सीडीसी ३६०० ही मशीन आली. त्या काळच्या भारतात इतकी ताकदवान मशीन म्हणजे मोठी गोष्ट होती.

ती फक्त टीआयएफआरच्या शास्त्रज्ञांपुरती ठेवली नाही. देशभरातल्या विद्यापीठांची, संशोधन संस्थांची आणि सरकारी खात्यांची कामं तिच्यावर व्हायला लागली. लोक पंच कार्डांचे गठ्ठे घेऊन यायचे, ते रांगेत लागायचे, एकेक काम मशीनवर चढायचं आणि छापील कागद हातात यायचा.

म्हणजे शेड एक आणि भाडेकरू अनेक. पण गाळे अजून पडलेले नव्हते. एकाचं काम आटोपलं की दुसऱ्याचं. सगळ्यांना एकाच वेळी आपापली स्वतंत्र मशीन मिळाल्यासारखं वाटावं, ही सोय व्हायची होती.

योगायोग बघा. त्याच १९६४ मध्ये अमेरिकेतल्या केंब्रिज शहरात आयबीएमच्या लोकांनी सीपी-४० नावाच्या प्रकल्पावर काम सुरू केलं. एका मोठ्या मशीनवर अनेक आभासी मशीन चालवायच्या, प्रत्येक वापरणाऱ्याला वाटलं पाहिजे की पूर्ण कॉम्प्युटर त्याचाच आहे. व्हर्च्युअल मशीनची गोष्ट इथे सुरू झाली. १९७२ मध्ये आयबीएमने व्हीएम/३७० हे उत्पादन म्हणून बाजारात आणलं. नंतर छोटे कॉम्प्युटर स्वस्त झाले आणि ही कल्पना बरीच वर्षं मागे पडली. १९९९ मध्ये व्हीएमवेअरने ती साध्या पीसीवर आणली. २००३ मध्ये झेन नावाचा हायपरवायझर आला, आणि तो तयार झाला इंग्लंडच्या केंब्रिज विद्यापीठात, म्हणजे भाभा जिथे शिकले तिथेच. ॲमेझॉनने २००६ मध्ये भाड्याने सर्व्हर द्यायला सुरुवात केली, तेव्हा त्याच्या पोटात हाच झेन होता.

भाभांनी यातलं काही पाहिलं नाही. त्यांनी क्लाउडचं भाकीत केलं होतं वगैरे कुणी फॉरवर्ड करत असेल, तर विश्वास ठेवू नका. त्यांनी केलं ते वेगळंच होतं. एकदा मशीन बनवून हात तयार करून घेतले, मग विकत घेतलेल्या मशीनच्या आत डोकावायला ते हात कामाला लावले. जुनी झालेली टीफ्रॅक १९६५ च्या सुमारास थांबली. तिच्यावर शिकलेली माणसं थांबली नाहीत.

तारापूरची चावी

हाच प्रश्न विजेच्या बाबतीतही होता, आणि तो पडघ्याच्या बराच जवळ येतो.

पडघ्याला विजेचं मोठं उपकेंद्र आहे. चंद्रपूरहून निघणारी ५०० किलोव्होल्टची डीसी लाइन ७५२ किलोमीटर कापून इथे येते. १९९९ पासून सुरू असलेल्या या लाइनची क्षमता १,५०० मेगावॅट आहे. अशा ठिकाणचं कामही असंच चालतं. कंट्रोल रूममध्ये पडद्यावर आकडे बघायचे आणि अधिकार असेल त्याने सेटिंग बदलायचं.

भाभांच्या काळात हे सगळं दूर होतं, पण वीज कुठून येणार हा प्रश्न तेव्हाही होता. कोळशाच्या खाणी मुंबईपासून लांब. म्हणून देशातल्या पहिल्या अणुवीज केंद्रासाठी जागा ठरली तारापूर. आज ते पालघर जिल्ह्यात आहे. २०१४ मध्ये पालघर वेगळा होईपर्यंत तारापूर आणि पडघा एकाच ठाणे जिल्ह्यात होते.

अणुकार्यक्रम तोवर बराच पुढे आला होता. १९४८ मध्ये अणुऊर्जा आयोग स्थापन झाला, भाभा त्याचे अध्यक्ष. १९५४ मध्ये ट्रॉम्बेची संस्था आणि अणुऊर्जा खातं सुरू झालं. ४ ऑगस्ट १९५६ ला ‘अप्सरा’ ही अणुभट्टी सुरू झाली. ब्रिटनकडून आलेलं इंधन, पण भट्टी इथल्या लोकांनी उभी केलेली. १९५७ मध्ये ट्रॉम्बेला ट्रेनिंग स्कूल सुरू झालं. देशभरातल्या ताज्या पदवीधरांना निवडून आणायचं आणि त्यांना तयार करायचं. यंत्राच्या आधी माणूस, हा १९४४ चाच हिशोब.

तारापूरला मात्र भाभांनी तडजोड केली. १९६४ मध्ये अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकशी करार झाला. त्यांनी केंद्र पूर्ण बांधून हातात द्यायचं. त्यात इंधन लागणार होतं समृद्ध युरेनियम, आणि तेही अमेरिकेकडूनच येणार. वीज लवकर मिळावी आणि अणुवीज भारतात चालते हे दिसावं, यासाठी घेतलेला हा निर्णय होता. १९६९ मध्ये तारापूर सुरू झालं.

याची किंमत पुढे कळली. १९७४ मध्ये पोखरणला अणुचाचणी झाली आणि अमेरिकेने इंधनाच्या बाबतीत हात आखडता घ्यायला सुरुवात केली. अनेक वर्षं वाद चालला. शेवटी १९८२ मध्ये इंधन पुरवायला फ्रान्स पुढे आला. केंद्र आपल्या जमिनीवर, कंट्रोल रूममध्ये आपली माणसं, पण एक महत्त्वाचं सेटिंग आपल्या हातात नव्हतं. कन्सोल समोर असणं आणि ॲडमिन असणं यातला फरक याहून स्पष्ट दाखवता येणार नाही.

भाभांना हे कळत नव्हतं असं नाही. म्हणून तर त्यांनी इथल्या थोरियमवर आधारलेला तीन टप्प्यांचा कार्यक्रम १९५४ मध्येच मांडला होता. तारापूर हा त्यातला बाहेरून आणलेला तुकडा होता. केंद्र चालवायला लागणारी माणसं ट्रॉम्बेने तयार ठेवली होती, म्हणून इंधनाचा वाद सुरू असतानाही तारापूर चालत राहिलं.

एकाच माणसाकडे सगळ्या चाव्या

भाभांवर टीका झालीच नाही असं नाही. शास्त्रज्ञ मेघनाद साहा लोकसभेत निवडून गेले होते. त्यांनी १९५४ मध्ये संसदेत अणुकार्यक्रमाच्या चालीवर आणि त्यातल्या गुप्ततेवर सडकून टीका केली. पैसा आणि अधिकार मोजक्या संस्थांकडे जातायत, विद्यापीठं कोरडी राहतायत, असा त्यांचा आक्षेप होता. तो आजही विचार करायला लावणारा आहे.

कारण भाभांकडे बघा. अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष तेच. अणुऊर्जा खात्याचे सचिव तेच. ट्रॉम्बेच्या संस्थेचे प्रमुख तेच आणि टीआयएफआरचे संचालकही तेच. नेहरूंशी थेट संबंध. फाइल कुठेच अडायची नाही, कारण प्रत्येक टेबलावर तेच बसलेले. काम झपाट्याने झालं ते यामुळेच.

सर्व्हर सांभाळणाऱ्या माणसाला विचारा, तो या व्यवस्थेला घाबरेल. एकाच व्यक्तीकडे सगळे पासवर्ड असले की काम भराभर होतं, पण ती व्यक्ती उद्या नसली तर? म्हणून कन्सोलमध्ये हक्क वाटून देतात. कुणाला फक्त बघण्याचा, कुणाला एकाच गाळ्यात बदल करण्याचा, कुणाला सगळीकडचा. कुणी काय बदललं याची नोंद राहते. आणि मोठा बदल करण्याआधी स्नॅपशॉट घेतात, म्हणजे बिघडलं तर जुन्या जागी परत येता येतं.

माणसाच्या आयुष्याचा स्नॅपशॉट घेता येत नाही.

२४ जानेवारी १९६६

१९६२ च्या चीन युद्धानंतर सरकारला जाणवलं की इलेक्ट्रॉनिक्समध्ये आपण फार मागे आहोत. १९६३ मध्ये भाभांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली गेली. रेडिओपासून कॉम्प्युटरपर्यंत देशाला काय लागेल, त्यातलं इथे काय बनेल, याचा हिशोब तिने मांडायचा होता. विक्रम साराभाई, एस. भगवंतम आणि ए. एस. राव हे तिचे इतर सदस्य होते.

तो अहवाल १९६६ मध्ये बाहेर आला तेव्हा भाभा हयात नव्हते.

२४ जानेवारी १९६६ ला एअर इंडियाचं ‘कांचनजंगा’ हे बोइंग ७०७ विमान जिनिव्हाकडे उतरताना आल्प्समधल्या माँ ब्लाँ पर्वतावर आदळलं. विमानातल्या ११७ जणांपैकी कुणीच वाचलं नाही. भाभा आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या बैठकीसाठी व्हिएन्नाला निघाले होते. वय होतं ५६.

या अपघाताबद्दल सोशल मीडियावर घातपाताच्या अनेक गोष्टी फिरतात. त्यातल्या एकीचाही पुरावा समोर आलेला नाही. फ्रान्सच्या चौकशीत आलं ते असं. विमानातलं दिशा दाखवणाऱ्या उपकरणांपैकी एक बंद होतं. जमिनीवरच्या नियंत्रकाने रडारवर बघून विमान नेमकं कुठे आहे ते सांगितलं, पण वैमानिकाचा समज वेगळा झाला. पर्वत ओलांडला असं समजून विमान खाली आलं आणि पर्वत अजून समोरच होता.

ज्या माणसाकडे सगळ्या चाव्या होत्या तो एका सकाळी नाहीसा झाला.

मग काय झालं? त्या चाव्या वाटल्या गेल्या. अणुऊर्जा आयोग विक्रम साराभाईंकडे गेला. टीआयएफआर एम. जी. के. मेनन यांच्याकडे. ट्रॉम्बेची धुरा होमी सेठना यांनी घेतली. तिघेही भाभांसोबत काम केलेले. काम मोडून पडलं नाही, कारण चाव्या एकाकडे असल्या तरी कुलपं उघडता येणारी माणसं भाभांनीच गोळा केली होती. १९६७ मध्ये ट्रॉम्बेच्या संस्थेला त्यांचं नाव मिळालं, भाभा अणुसंशोधन केंद्र.

समितीच्या अहवालातून पुढे बरंच काही निघालं. १९६७ मध्ये हैदराबादला ईसीआयएल ही सरकारी कंपनी सुरू झाली, तिची सूत्रं ए. एस. राव यांच्याकडे होती. १९६९ मध्ये टीडीसी-१२ हा कॉम्प्युटर आला. टीडीसी म्हणजे ट्रॉम्बे डिजिटल कॉम्प्युटर. १९७१ मध्ये इलेक्ट्रॉनिक्स आयोग स्थापन झाला.

पण अहवालातलं स्वावलंबनाचं स्वप्न पूर्ण झालं नाही. सॉफ्टवेअरमध्ये आपली माणसं जगभर पोहोचली, पण चिप आणि मोठ्या मशीनच्या बाबतीत आपण गिऱ्हाईक राहिलो.

पुन्हा गोदामाच्या ऑफिसात

आज मोठ्या क्लाउड कंपन्यांचे सर्व्हर आपल्याच राज्यात आहेत. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये पुणे आणि मुंबईत केंद्रं सुरू केली, ॲमेझॉनने २०१६ मध्ये मुंबईत, गुगलने २०१७ मध्ये मुंबईत. नवी मुंबईत डेटा सेंटरच्या इमारती उभ्या राहतायत. म्हणजे पडघ्यातल्या पोराने मेमरी ८ ची १६ केली, तर पार्टिशन सरकतं ते कदाचित साठ-सत्तर किलोमीटरवरच्या एखाद्या इमारतीत.

तो कन्सोल चालवणं शिकायला हरकत नाही, उलट शिकायलाच हवं. आज या गोदामांच्या पट्ट्यातला बारावी झालेला मुलगाही फुकटचा हायपरवायझर घरच्या जुन्या कॉम्प्युटरवर टाकून हे सगळं करून बघू शकतो. केव्हीएमसारखे हायपरवायझर मोफत आहेत आणि त्यांचा कोड कुणालाही वाचता येतो. भाभांच्या टीमला यासाठी २,७०० ट्यूब जोडाव्या लागल्या होत्या.

सुरुवात करणाऱ्यांसाठी चार गोष्टी. आधी नुसतं बघा. प्रोसेसर, मेमरी, डिस्क यातलं नेमकं काय कमी पडतंय ते कळल्याशिवाय काहीही वाढवू नका. बदल करण्याआधी स्नॅपशॉट घ्या, पण स्नॅपशॉट म्हणजे बॅकअप नाही हे लक्षात ठेवा. डिस्क वाढवणं सोपं असतं, कमी करणं त्रासाचं, त्यामुळे एकदम फार देऊ नका. आणि सगळ्यात महत्त्वाचं, दहा गाळ्यांना मिळून शेडपेक्षा जास्त जागा कागदावर वाटता येते. हायपरवायझर ते करू देतो. सगळे भाडेकरू एकाच दिवशी माल घेऊन आले की मग कळतं.

यातली शेवटची गोष्ट कन्सोलवरच्या हिरव्या खुणेत दिसत नाही. ती ज्याला शेड माहीत आहे त्यालाच दिसते. भाभांचा आग्रह होता तो यासाठीच. मशीन परदेशातून आली तरी चालेल, पण तिचं दार उघडल्यावर आत काय आहे हे सांगणारी माणसं इथे हवीत.

टीफ्रॅक आज चालत नाही. तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्यांनी पन्नाशी ओलांडली. ट्रॉम्बेचं ट्रेनिंग स्कूल मात्र १९५७ पासून आजवर सुरू आहे, दरवर्षी नवी पोरं घेतंय.